वजावट

स्ट्रुअन, तुझं पाकीट मिळालं.
सहा महिन्यांचा हिशेब एका कागदावर,
तळाशी माझं नाव, नावापुढे
चार पौंड बारा पेन्स,
आणि तेही, तू लिहिलंस, पुढच्या खेपेत जमा धरू.

मी पहाटे बेकरीतून परतले होते,
कोपरापर्यंत पीठ.
कागदावर बोटं उमटली.
इतकीच काय ती माझी सही, आजवरची.

कारण करार आपण केलाच नव्हता.
डंडीच्या त्या कोंदट पबमध्ये तू म्हणालास,
करार मोठ्या कंपन्यांना लागतात,
त्यांची नियत कागदाने बांधावी लागते.
आपण घरचे.
निम्मं तुझं, निम्मं माझं, खर्च वजा जाता.
मला टाळी द्यायची घाई होती.
शेवटचे तीन शब्द तू बिअरच्या फेसातून बोललास,
मीही ते फेसासारखेच फुंकरून टाकले.

आता बघ, काय बाळसं धरलंय त्यांनी!
व्हॅनचं भाडं. इन्व्हर्नेसच्या वाटेवर फुटलेलं टायर.
कव्हराची छपाई, निळा चुकला म्हणून पुन्हा छपाई.
पत्रकारांना फुकट धाडलेल्या ऐंशी तबकड्या, टपालासकट.
आणि सूप.
मसुराचं सूप, आठ वाट्या, रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या दिवशी,
जे तुझ्या आईने स्वतः रांधलं,
स्वतः वाढलं,
मला म्हणाली होती, घे गं, वाळलीस किती.

स्ट्रुअन, सूपसुद्धा?

शनिवारी आले ती भांडायलाच.
गळ-दोऱ्यांच्या दुकानावरचा तुझा जिना
वाक्यं पाठ करत चढले.
तू दार उघडलंस ते घरातच ओव्हरकोट घालून.
हीटर बंद. ताटलीत गार टोस्ट.
न खपलेल्या तबकड्यांच्या खोक्यांवर
फळी टाकून केलेलं टेबल, त्यातलं एक खोकं माझं.
तू श्रीमंत असतास तर किती सोपं झालं असतं.

बघ, लपवण्यासारखं काही नाही, म्हणत
तू बुटांचा डबा माझ्यापुढे पालथा केलास.
मी पावत्या तारखेवार लावत बसले.
चार वाजताच खिडकीत अंधार झाला,
तू दिवा लावलास, चहा केलास,
मनात आलं, हाही लिहिणार का.

छापखान्याला तीस दिवसांत.
तबकड्या काढणाऱ्या कारखान्याला आगाऊ.
टायरवाल्याला रोख, रस्त्याच्या कडेलाच.
टपालखात्याने तर कुणाला कधी उधार दिलंय?
डबाभर माणसं, आणि प्रत्येकाचे वेळेवर चुकते.
एकाही पावतीवर वाजवणारा नाही.
मी नाही, कॅलम नाही, अकॉर्डियनवाली ओर्ला नाही,
जी पाळणाघराचे पैसे भरून
तीन दिवस वाजवायला आली होती.

तू चोर नाहीस. मी खूप शोधलं.
तू फक्त रांग लावलीस.
जे ओरडले असते ते पुढे,
जे तुझे होते ते मागे,
आणि खिडकी दर वेळी
आमच्या एक माणूस अलीकडे बंद झाली.

पण गाणं पोचलं ना लोकांपर्यंत, तू म्हणालास.
पोचलं.
परवा केस कापायला गेले तिथे लागलं होतं,
कात्री चालवता चालवता बाई गुणगुणत होती.
मी तिला काही बोलले नाही.
तिने अठरा पौंड घेतले.

निघताना तू दारापर्यंत आलास.
उद्या आर्ब्रोथची पोरं येणार आहेत, म्हणालास,
कोवळी आहेत, पण काय वाजवतात!
अगदी घरची वाटतात.

जिन्यात दिवा नव्हता. भिंत धरून उतरले.

बसचं तिकीट दोन पौंड वीस.
सवयीने चुरगाळलं,
मग मांडीवर ठेवून तळव्याने सपाट केलं,
मागे तारीख घातली, आणि कारण: वसुली,
आणि व्हायोलिनच्या पेटीत, राळेच्या डबीखाली ठेवलं.
माझ्या बाजूची
पहिली पावती.